परक्या वाटेवरचा एकटा वाटसरू

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की नसरापूरच्या फाट्यावरून एक रस्ता वेल्ह्याकडे वळतो आणि थोडे पुढे कापूरहोळहून दुसरा रस्ता भोरकडे जातो. या दोन रस्त्यांच्या आसपास पसरलेला मुलूख म्हणजे जुने गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ आणि वेळवंड खोरे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले. वेल्हे तालुक्याला शासनाने अलीकडे राजगड हे नाव दिले, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. डोंगराच्या या मुलखात शतकानुशतके माणसे पायीच चालली. आज तेथे शनिवार-रविवारी पाठीवर तंबू बांधलेले तरुण दिसतात, सायकलवरून घाट चढणारे दिसतात आणि मधूनच एखादा परदेशी प्रवासी एकटाच, हातात नकाशा घेऊन, तोरण्याची वाट विचारताना भेटतो.

आपल्या कुटुंबांतही हा विषय आता परका राहिलेला नाही. नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी सुटीत एकट्यानेच परदेशी जाऊन पायी हिंडण्याचे, रानात तंबूत राहण्याचे, सायकलने गावे पालथी घालण्याचे बेत करते. आईबाप घाबरतात आणि धर्मगुरूकडे येतात. एकट्याने का जायचे? घरच्या माणसांना सोडून मिळणारा आनंद हा स्वार्थ नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्याऐवजी इतिहासात शोधावे, असे मला वाटते. भोर-वेल्ह्याच्या पायवाटा आणि ख्रिस्तसभेची परंपरा या दोहोंतही एकट्या वाटसरूला फार जुने स्थान आहे.

गरजेची चाल

सह्याद्रीच्या या भागात मौजेसाठी चालणे ही कल्पनाच नव्हती. देशावरून कोकणात उतरायला मढे घाट, उपांड्या घाट आणि वरंध घाट होते. वरंध घाटाचा पुढे मोटाररस्ता झाला. बाकीच्या वाटा पायवाटाच राहिल्या. त्या वाटांनी धान्य, मीठ, गुरे आणि माणसे खालीवर होत असत. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह केळद गावाजवळच्या मढे घाटातूनच कोकणातील उमरठ्यास नेला, अशी परंपरा आहे. म्हणजे या वाटेने शोकही चालत गेलेला आहे.

त्याआधी चारच वर्षे, १६६६ साली, एक फार मोठा प्रवास या मुलखात येऊन संपला. आग्र्याच्या कैदेतून निसटलेले शिवाजी महाराज बैराग्याच्या वेषात राजगडावर परतले, असे परंपरा सांगते. मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधलेला राजगड त्या काळी स्वराज्याची राजधानी होता. परक्या मुलखातून जीव वाचवून जाणाऱ्या माणसाला बैराग्याचा वेष उपयोगी पडावा, यात एक मोठा अर्थ आहे. एकट्यादुकट्या यात्रेकरूला कोणी अडवीत नसे. त्याला भाकरी द्यावी, ओसरीवर जागा द्यावी, नाव-गाव फार खोदून विचारू नये, हा या देशाचा अलिखित नियम होता.

या वाटांवरून सर्वांत जास्त चालल्या त्या बायका. पाण्याला, सरपणाला, बाजाराला, सासरहून माहेरी. त्यांच्या चालण्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. ती जात्यावरच्या ओव्यांत आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक गी पॉइटवाँ (१९३४-२००४) यांनी हेमा राईरकर यांच्यासह पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. परदेशातून आलेला एक माणूस डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन जात्याशी बसतो आणि निरक्षर बायांचे बोल लिहून घेतो, हीसुद्धा एक यात्राच म्हटली पाहिजे.

बनेश्वराची घंटा

नसरापूरजवळ बनेश्वराचे देऊळ आहे. गर्द झाडी, पाण्याची कुंडे, पेशवेकालीन बांधणी. पुण्याकडचे बहुतेक प्रवासी राजगड-तोरण्याला जाताना तेथे थांबतात. त्या देवळात टांगलेल्या घंटेवर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हे साल आहे. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा तिकडच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या. भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी त्या आजही पाहायला मिळतात. बनेश्वराची घंटा त्यांपैकीच एक मानली जाते.

वसईच्या आपल्या वाचकांना ही घंटा पाहून काय वाटेल, याची मला कल्पना आहे. जी घंटा कधीकाळी कुणाच्या पूर्वजांना मिस्सेला बोलावीत होती, ती आज एका शिवालयात वाजते. त्यात पराभवाची आठवण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आहे. ती घंटा वितळवून तिची तोफ झाली नाही. तिच्यावरचा क्रूस कुणी घासून काढला नाही. आल्या गेल्या भाविकाचा हात तिला लागतो आणि ती वाजते. युद्धाने ओढून आणलेल्या या परक्या पाहुणीला बनेश्वराने जागा दिली आणि तिची खूणही राहू दिली. परक्या भूमीतील एकट्या वाटसरूविषयी बोलताना मला या घंटेची आठवण टाळता येत नाही.

यात्रेकरू ते सुटीकरू

ख्रिस्तसभेत पायी यात्रा ही जुनी साधना आहे. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली घर सोडून निघाले. माँसेरात, मानरेसा असा मुक्काम करीत १५२३ साली जेरुसलेमला पोहोचले. बरोबर सोबती घेतला तर भूक लागल्यावर आपण त्याच्याकडून मदतीची अपेक्षा करू आणि देवावरचा भरवसा कमी होईल, म्हणून एकट्यानेच जायचे, असा त्यांचा निश्चय होता. आत्मकथनात ते स्वतःला नावाने न संबोधता ‘यात्रेकरू’ म्हणतात. येशूसंघाच्या नवशिक्यांना आजही पैसे न घेता यात्रेला धाडण्याची प्रथा आहे. दुसऱ्याच्या दारी उभे राहिल्याशिवाय माणसाचा अहंकार उतरत नाही, हे त्यामागचे शहाणपण. आपल्याकडचे वारकरी हेच वेगळ्या रीतीने जाणतात.

मग यात्रेची सुटी केव्हा झाली? एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कारखाने वाढले, शहरे धुराने भरली. ज्याला पायी चालण्याची गरज उरली नव्हती, त्याला पायी चालण्याची ओढ लागली. स्कॉटलंडचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या शरद ऋतूत फ्रान्समधील सेव्हेनच्या डोंगरात बारा दिवस एकटा हिंडला. सोबतीला मोदेस्तीन नावाची गाढवी आणि स्वतः बेतून शिवून घेतलेली झोपण्याची पिशवी. दुसऱ्या वर्षी त्याने लिहिलेले प्रवासवर्णन आजच्या तंबूवाल्या प्रवाशांचे आद्य पुस्तक मानले जाते. स्टीव्हन्सन प्रॉटेस्टंट घरातला. वाटेत तो हिममातेच्या नावाने असलेल्या ट्रॅपिस्ट मठाच्या दारी भीतभीतच गेला. मौनव्रती मठवासीयांनी त्याला आदराने ठेवून घेतले. तेथे उतरलेल्या इतर पाहुण्यांनी मात्र त्याच्या धर्मावरून त्याच्याशी वाद घातला आणि तो दुखावला. अतिथीचे स्वागत ख्रिस्त समजून करावे, हा संत बेनेडिक्टच्या नियमावलीतील आदेश मठाने पाळला. उपदेशाची घाई झालेल्या पाहुण्यांनी तो पाळला नाही. परक्या धर्माचा वाटसरू आपल्या दारी आला तर काय करावे आणि काय करू नये, याचा हा धडा आहे.

दुसरे नाव हिलेअर बेलॉक या कॅथलिक लेखकाचे. १९०१ साली तो फ्रान्समधील तूल या गावाहून पायी निघाला आणि आल्प्स ओलांडून रोमला गेला. निघताना त्याने नवस केला होता: सगळी वाट पायी चालेन, चाकाच्या वाहनात बसणार नाही, रोज सकाळी मिस्सा ऐकेन आणि संत पेत्र व पौल यांच्या सणाला रोममध्ये असेन. वाटेत एकेक नवस मोडत गेला. आल्प्सच्या खिंडीत बर्फाने त्याला परत फिरवले. पैसे संपल्यावर त्याला आगगाडीत बसावे लागले. शेवटचा नवस तेवढा पाळला गेला. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले आणि आजही वाचले जाते, कारण त्यात थकवा आहे, पायाला आलेले फोड आहेत आणि थट्टेसह श्रद्धा आहे. सुटी आणि यात्रा या दोहोंमध्ये भिंत नसते, हे त्याने दाखवले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या शिंप्याने हलके तंबू शिवून ते सायकलवर बांधून नेण्याची रीत लोकप्रिय केली आणि १९०१ साली अशा सायकलस्वारांची संघटना उभी राहिली. जर्मनीत रिखार्ड शिरमान या शिक्षकाला १९०९ साली विद्यार्थ्यांसह पावसात एका शाळेत रात्र काढावी लागली; त्यातून युवा वसतिगृहाची कल्पना निघाली आणि १९१२ साली आल्तेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो साधी माणसे सायकली आणि तंबू घेऊन प्रथमच समुद्र पाहायला गेली. तोवर श्रीमंतांचा असलेला आनंद कष्टकऱ्यांच्या वाट्याला आला.

जर्मनीतील कॅथलिक तरुणांच्या ‘क्विकबोर्न’ या चळवळीचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. ही मुले डोंगरदऱ्यांतून पायी हिंडत आणि रोटेनफेल्सच्या जुन्या किल्ल्यात जमत. फादर रोमानो ग्वार्दिनी हे त्यांचे मार्गदर्शक. तेथील साध्या दालनात मुले वेदीभोवती बसत, एकत्र प्रार्थना म्हणत, मिस्सेत सर्वांनी भाग घेई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जी उपासना आपल्या धर्मग्रामांत रुजली, तिची एक पायवाट या भटक्या पोरांच्या किल्ल्यातून आलेली आहे. नाझी राजवटीने १९३९ साली तो किल्ला जप्त केला. मोकळे चालणाऱ्या तरुणांचे हुकूमशहांना नेहमीच भय वाटते.

पोप महाशयही या बाबतीत मागे नव्हते. अकरावे पायस पोप होण्यापूर्वी, आकिल्ले रात्ती या नावाने, मिलानचे ग्रंथपाल आणि निष्णात गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी माँटे रोझा हा पर्वत त्याच्या अवघड पूर्व बाजूने चढून पार केला. १९२३ साली त्यांनीच मेंतोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. सायकलस्वारांनाही आश्रय आहे: इटलीतील कोमो सरोवराजवळची गिसाल्लोची माता १९४९ साली बाराव्या पायस यांनी त्यांची आश्रयदाती ठरवली. संत दुसरे जॉन पॉल तरुणपणी विद्यार्थ्यांसह डोंगर चढत, सायकली आणि होड्या घेऊन पोलंडभर हिंडत. १९५८ साली त्यांना महागुरुपदासाठी निवडल्याचा निरोप मिळाला तो अशाच एका नौकासहलीत. वॉर्सोला जाऊन त्यांनी ते पद स्वीकारले आणि ते पुन्हा होडीकडे परतले. हेच पोप महाशय १९८६ साली पुण्याला आले होते.

आपल्याकडची माणसेही घरीच बसून राहिली नाहीत. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. १९२४ साली फ्रामरोज दावर हा तरुण एकटाच निघाला; पुढे व्हिएन्नात त्याला जोडीदार मिळाला आणि दोघांनी सहाराचे वाळवंटही पार केले.

सह्याद्रीत आलेले हौशी वाटसरू

भोर-वेल्ह्याच्या गडांवर केवळ पाहण्यासाठी चढलेल्या परदेशीयांत जेम्स डग्लस या स्कॉटिश गृहस्थाचे नाव ठळक आहे. मुंबईत व्यवसाय करणाऱ्या या माणसाने पश्चिम भारतातील गड हिंडून पाहिले. राजगड-तोरण्यावर त्याने आपुलकीने लिहिले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईवरील पुस्तकात त्याने रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल खंत व्यक्त केली. ती वाचून महाराष्ट्रातील सुशिक्षितांना चुटपूट लागली आणि पुढे १८९५ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली. परका वाटसरू डोळे उघडे ठेवून चालला, तर घरच्या माणसालाही आपले घर नव्याने दिसते.

आणि घरच्या वाटसरूंत गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८). तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेलेला हा मुलगा गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा पायी करून आला आणि पुढे आयुष्यभर गड हिंडला. राजगड त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. गडावर ते पाहुण्यासारखे गेले नाहीत. तेथील राखणदार, गुराखी, धनगर यांच्या चुलीशी बसले. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके वाचून हजारो मराठी तरुण पाठीवर पिशवी टाकून निघाले. त्यांनी शिकवलेली गोष्ट साधी होती: गड दगडांचा नसतो, गडाखाली राहणाऱ्या माणसांचाही असतो.

सेमिनरीच्या दिवसांत गुंजवण्याहून आम्ही काही जण राजगड चढलो होतो. चोरदरवाजाची वाट, पद्मावतीचे तळे, सुवेळा माचीवरचे नेढे हे सारे पाहिले. पण मनात ठसून राहिली ती ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन रोज गड चढणारी एक बाई. आमची सुटी होती, तिची मजुरी. एकाच वाटेने दोन माणसे चढत होती आणि दोघांच्या पायांखालची वाट मात्र निराळी होती.

यजमानाचे ऋण

सुटीत चालणाऱ्याने ही दुसरी वाट विसरू नये. भोर-वेल्ह्याचे निळे जलाशय पाहून प्रवासी हरखून जातो. येळवंडीवरील भाटघर, आंबी नदीवरील पानशेत, मोसेवरील वरसगाव. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. या धरणांखाली ज्यांची भातखाचरे आणि घरे गेली, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की वेळवंड खोऱ्यातील कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ वर येते आणि लोक दर्शनाला जातात. शहराची तहान भागवणाऱ्या या डोंगरात चैत्र-वैशाखात बायका पाण्यासाठी पायपीट करतात. त्यांच्या विहिरीवर तंबूवाल्याने साबण लावून भांडी घासणे, हा नुसता अडाणीपणा नव्हे, ते पाप आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यात राजगड आहे. आता जगभरचे वाटसरू अधिक संख्येने येतील. स्पेनमधील सान्तियागोच्या यात्रामार्गाला १९८७ साली युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता मिळाली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी त्या मार्गाने गेलेल्या नोंदणीकृत यात्रेकरूंची संख्या चार लाखांच्या वर होती. त्यांतील कितीतरी एकट्याने चालणारे, काही सायकलने जाणारे. ओसाड पडत चाललेल्या गावांत त्यांच्यामुळे पुन्हा दिवे लागले, पण गर्दीने शांतताही हरवली. आपल्या मावळाला दिवे हवेत आणि शांतताही हवी. गुंजवणे, केळद, पाली या गावांतील माणसांना वाटाड्याचे, जेवणाचे, मुक्कामाचे रास्त पैसे मिळाले, तर सुटीवाल्याच्या आनंदात त्यांचाही वाटा राहील.

आईबापांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकट्याने जावे की नाही? इतिहास सांगतो की एकटा निघालेला माणूस खरे तर एकटा राहत नाही. घोळक्याने जाणारा आपल्याच माणसांशी बोलतो, आपलेच डबे खातो आणि जसा गेला तसा परत येतो. एकट्याला वाट विचारावी लागते, पाणी मागावे लागते, परक्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना ख्रिस्त भेटला तो परक्या वाटसरूच्या रूपात, आणि त्यांनी त्याला आग्रहाने जेवायला थांबवले म्हणून त्यांना त्याची ओळख पटली.

म्हणून मुलाने किंवा मुलीने असा बेत केला तर एकदम नकार देऊ नये. तयारी मात्र बारकाईने विचारावी. मार्ग कुणाला सांगून ठेवला आहे? दर मुक्कामावरून निरोप येईल काय? पावसाळ्यात घाटवाट, अनोळखी पाणी आणि अंधारातली चाल टाळणार काय? तंबू लावण्यास जेथे मनाई आहे तेथील नियम पाळणार काय? मुलीची काळजी अधिक वाटते, तेही साहजिक आहे. पण काळजीचे नाव घेऊन तिच्या वाट्याचे आकाश काढून घेऊ नये. परदेशी जाण्यापूर्वी तिने किंवा त्याने आपल्याच डोंगरात दोन-चार मुक्काम करून पाहावेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगरधार दिवसभरात माणसाला स्वतःची ओळख करून देते. त्या वाटेला चांगला सोबती किंवा गावचा वाटाड्या घ्यावा, हेही शिकण्यासारखेच आहे.

आणि एक मागणे घरी राहणाऱ्यांसाठी. आपली मुले परदेशात कुणाच्या तरी ओसरीवर, कुणाच्या तरी मठात, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर रात्र काढतील आणि तेथील माणूस त्यांना पाणी देईल, अशी आपण प्रार्थना करतो. मग आपल्या गावात वाट चुकलेला, धुळीने माखलेला, आपली भाषा न कळणारा कुणी सायकलवाला आला, तर फाटकापाशी त्याची चौकशी करून परत पाठवू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे, चर्चच्या आवारात तंबू ठोकायला जागा मागितली तर धर्मगुरूशी बोलून द्यावी. तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि त्याची आई दूर कुठेतरी त्याच्या निरोपाची वाट पाहत आहे.